जेनेटिक असतं म्हणे!

कुणाला स्तनाचा कॅन्सर झाल्याची बातमी नातेवाइकांत पोचली, की दोन फोनांच्या आत तिच्या शेपटाला एक वाक्य चिकटतं : "जेनेटिक असतं म्हणे ते." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. कुठल्याशा डॉक्टरांनी "कॅन्सर हा जेनेटिक आजार आहे" असं म्हटलेलं असतं, आणि ते अगदी खरं असतं. घोळ त्याच्या पुढे होतो. ऐकणारा मनातल्या मनात भाषांतर करतो. जेनेटिक म्हणजे आनुवंशिक. आनुवंशिक म्हणजे घराण्यातलं. घराण्यातलं म्हणजे... त्यांची मुलगी लग्नाची आहे ना हो?

तीन उड्या, आणि पहिलीच चुकलेली. माझं भांडण त्या पहिल्या उडीशी आहे. (शेवटच्या उडीशीही आहे, पण ती पहिलीच्या जोरावरच मारलेली असते.)

इंग्रजीत 'जेनेटिक' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तिथेही लोक गोंधळतात. आपल्याकडे मात्र दोन स्वच्छ शब्द आहेत. जनुकीय, म्हणजे जनुकांत घडलेलं. आनुवंशिक, म्हणजे आईवडिलांकडून आलेलं आणि पुढे मुलांकडे जाऊ शकणारं. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द, यापेक्षा भाषेने आणखी काय द्यायचं? आणि आपण काय करतो, तर दोन्ही एकाच वाटीत कालवतो. आरोग्य पुरवण्या कालवतात, फॉरवर्ड कालवतात, आणि घाईत असलेले डॉक्टरही कधीकधी कालवतात.

मी डॉक्टर नाही. पण शब्दावरून भांडायला डॉक्टर असावं लागत नाही. आधी पेशीत काय बिघडतं ते बघू, मग भांडू.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात आणि त्यांवर मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो. पेशीच्या दोन पेशी होताना दर वेळी हा अख्खा मजकूर नव्याने उतरवून काढावा लागतो. जुन्या पोथ्या हाताने उतरवत ना, तसा. आणि उतरवताना चुका होणारच. ज्ञानेश्वरीचं तेच झालं होतं. नकलांवर नकला होत पाठ बिघडला, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. पेशीतही असे एकनाथ असतात. कुणी चुकलेलं अक्षर दुरुस्त करतो, कुणी फाटलेलं पान जोडतो, आणि कुणी "ही प्रत बिघडलेली आहे, पुढे जाणार नाही" म्हणून काम थांबवतो. पी-५३ नावाचं प्रथिन या शेवटच्या जातीचं. एवढं महत्त्वाचं, की १९९२ साली डेव्हिड लेन या शास्त्रज्ञाने त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं.

आता समजा, एका पेशीतले हे शोधनिक एकेक करून जागेवरून उठले. मग एखादं अक्षर चुकण्यावर भागत नाही. पानं गहाळ होतात, एक अध्याय दोनदा बांधला जातो, तिसऱ्याचं अर्धं पान सातव्यात जाऊन बसतं. ४६ गुणसूत्रांच्या जागी ६०, ७०, कधी ८० होतात. आणि पुढची प्रत या बिघडलेल्या प्रतीवरून निघते, ती आणखी बिघडते. या घसरणीला म्हणतात जनुकीय अस्थिरता. एखादी चूक होणं वेगळं, आणि चुका होण्याचा वेगच वाढणं वेगळं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मुख्यतः ही गुणसूत्रांच्या पातळीवरची अस्थिरता असते.

ही गोष्ट नवी नाही बरं. १८९० साली जर्मनीत डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी कॅन्सरच्या पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी असमान होते हे पाहून नोंदवलं होतं. पुढे थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर प्रयोग केले. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि वाढ भलतीकडे जाते, हे त्यांना दिसलं. १९१४ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की कॅन्सरच्या मुळाशी असाच गुणसूत्रांचा घोटाळा असावा. तेव्हा डीएनएची रचना कुणालाही ठाऊक नव्हती. शंभर वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपण अजून "घराण्यात आहे का?" इथेच.

आता मुद्दा नीट बघा. ही सगळी पडझड कुठे झाली? स्तनातल्या दुधाच्या नळीच्या अस्तरात, एका पेशीत, बाई पन्नाशीची असताना म्हणा. तिच्या बाकीच्या शरीरातली पोथी जशीच्या तशी आहे. तिची मुलगी पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या बीजांडातून जन्मली. स्तनातल्या गाठीला त्या प्रतीत एक काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही. गाठीत घडलेला बिघाड मुलीपर्यंत पोचायला वाटच नाही. तो शंभर टक्के जनुकीय आहे आणि शून्य टक्के आनुवंशिक.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण 'हर-टू'. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये याच अस्थिरतेपायी त्या वाढत वाढत डझनावारी होतात, आणि पेशीला "वाढ, वाढ" असा हुकूम सतत मिळत राहतो. साधारण १५ ते २० टक्के गाठी अशा असतात. रिपोर्टवर 'हर-टू पॉझिटिव्ह' आलं, की घरात पहिली शंका निघते, "म्हणजे मुलींनाही तपासायला हवं?" नाही हो! त्या जादा प्रती गाठीत तयार झाल्या आणि गाठीतच आहेत. उलट त्या सापडल्या म्हणून औषध मिळतं. १९९८ साली अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला मान्यता मिळाली ती याच जादा प्रतींवर नेम धरून.

पी-५३ चंही तेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्सर जीनोम अॅटलासच्या अभ्यासात स्तनाच्या गाठींचे जनुकीय प्रकार पाडले होते. त्यातल्या आक्रमक 'बेसल' प्रकारात सुमारे ८० टक्के गाठींमध्ये पी-५३ चं जनुक बिघडलेलं होतं, आणि शांत 'ल्युमिनल ए' प्रकारात सुमारे १२ टक्के. हे बहुतेक बिघाड गाठीतच घडलेले असतात. राखणदार कुठे उठून गेला आहे यावर गाठीचा स्वभाव कसा बदलतो ते या दोन आकड्यांत दिसतं.

स्वभावावरून आठवलं. आपला दुसरा लाडका प्रश्न : "कितवी स्टेज?" हा प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. गाठ केवढी आणि कुठवर पसरली हे स्टेज सांगते. ती गाठ कशी आहे हे सांगतं ते ग्रेड. बायॉप्सीच्या रिपोर्टवर ते लिहिलेलं असतं आणि घरातलं कुणी ते वाचत नाही. १९५७ साली ब्लूम आणि रिचर्डसन यांनी लावलेली पद्धत १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी सुधारली, तीच आज जगभर वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी बघायच्या : पेशी अजून नळ्यांसारख्या रचनेत आहेत का, केंद्रकं एकसारखी आहेत की लहानमोठी आणि वेडीवाकडी, आणि किती पेशी दुभंगताना दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड एक, ६-७ आली तर दोन, ८-९ आली तर तीन.

म्हणजे हे काय आहे? अस्थिरतेचा चेहराच आहे! केंद्रकं लहानमोठी का दिसतात, तर बऱ्याच अंशी आत डीएनए कमीजास्त भरलेला असतो म्हणून. १९८० साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत गर्ट आऊअर आणि सहकाऱ्यांनी गाठीच्या पेशींतल्या डीएनएचं मोजमाप करून ते रुग्णांच्या आयुर्मानाशी ताडून पाहिलं. ज्यांच्या गाठीत डीएनए नेहमीच्या मापाच्या जवळ होता त्या बायका जास्त जगल्या. ज्यांच्या गाठीत तो विखुरलेला होता त्यांचं भवितव्य वाईट होतं. २००४ साली त्याच परंपरेतल्या अभ्यासात आणखी एक बारकावा पुढे आला. गुणसूत्रांची संख्या बिघडलेल्या गाठींतही दोन जाती असतात. काही एकदा बिघडून त्या बिघाडावरच स्थिर राहतात, काही रोज नव्याने बिघडतात. स्थिर असलेल्यांचं पुढे बरं चालतं. म्हणजे बिघाड किती झाला याइतकंच तो थांबला आहे की चालू आहे हेही महत्त्वाचं.

म्हणूनच "लहानशीच गाठ होती हो, तरी कशी गेली" आणि "एवढी मोठी होती, तरी वीस वर्षं ठणठणीत" या दोन्ही गोष्टी आपल्या ऐकण्यात येतात आणि आपण त्या नशिबावर ढकलतो. त्यातलं बरंच काही ग्रेड, ईआर, पीआर, हर-टू या चार ओळींत लिहिलेलं असतं. २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकन वर्गीकरणात तर स्तनाच्या कॅन्सरची स्टेज ठरवतानाच या चारही गोष्टी धरल्या जातात. आपण मात्र स्टेजचा आकडा विचारून "अरेरे" म्हणतो आणि फोन ठेवतो.

आता खरोखरच्या आनुवंशिकतेकडे येऊ, कारण ती आहे आणि ती मी नाकारत नाही. स्तनाच्या कॅन्सरपैकी सर्वसाधारणपणे ५ ते १० टक्के आनुवंशिक मानले जातात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला. हे प्रमाण इथे लावलं तर आनुवंशिक निघतात साधारण दहा ते एकोणीस हजार. उरलेल्या पावणेदोन लाखांच्या कपाळावर आपण घराण्याचा शिक्का उगाच मारतो.

आणि जे आनुवंशिक असतात त्यांच्यातही येतो तो कॅन्सर नसतो. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर ज्याचा पत्ता लावला ते बीआरसीए-१ आणि १९९५ साली सापडलेलं बीआरसीए-२, ही दोन्ही जनुकं डीएनएचे तुटलेले धागे जोडणारी. म्हणजे पुन्हा शोधनिकच! प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यांतली एक जन्मतःच बिघडलेली आली, एवढाच वारसा. दुसरी प्रत काम करत असते. एखाद्या पेशीत तीही गेली की जोडणारा उरत नाही आणि अस्थिरता सुरू होते. धोका मोठा असतो : वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत साधारण ७० टक्के. पण १०० नव्हे, आणि सगळ्या मुलांत येतो असंही नाही. प्रत्येक अपत्याला ती बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी.

'अपत्य' म्हटलं, मुलगी नव्हे. मुलाकडेही ती तशीच जाते आणि त्याच्याकडून त्याच्या मुलीकडे. आपल्या घरोघरी नेमकी इथे गोम आहे. मुलीच्या आईला, मावशीला, आजोळच्या आजीला काय झालं होतं ते सगळे विचारतात. आत्याचं कोण विचारतं? आत्या अडतिसाव्या वर्षी गेली, वडिलांच्या आईला अंडाशयाचा कॅन्सर होता, आणि मुलीला सांगितलं जातं, "तुझ्या आईकडे कुणाला नाही, तू निश्चिंत राहा." ज्या मुलीला खरोखर तपासणीची गरज आहे ती निश्चिंत, आणि जिच्या आईला साठाव्या वर्षी घरात पहिल्यांदाच झाला ती रात्र रात्र जागी. एका शब्दाच्या घोळाने दोघींचा घात केला.

आमच्या ओळखीतलं एक घर सांगतो. बाई ५८ वर्षांच्या, घरात आधी कुणाला कॅन्सर नाही, मुलीसाठी स्थळं बघणं चालू. त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. केस गेले तेव्हा टायफॉईड झाला म्हणून सांगितलं. बहिणींनाही नाही कळलं. केमोच्या त्या महिन्यांत डबा पोचवायला कुणी नाही, सोबत बसायला कुणी नाही. का, तर "जेनेटिक" म्हणतील. मुलीचं लग्न व्यवस्थित झालं, पण त्या बाईने जे एकटीने सोसलं ते तिच्या आजारामुळे नव्हे, आपल्या व्याकरणामुळे.

यावर तीन उत्तरं मला नेहमी मिळतात.

एक : "अहो, सगळ्याच मुली घाबरून सावध राहिल्या तर बरंच की." नाही राहत. घाबरलेली माणसं लपवतात. आणि या घबराटीची दुसरी बाजू विसरू नका : "आमच्यात कुणाला नाही" म्हणून गाठ हाताला लागूनही सहा महिने गप्प बसणाऱ्या बायका. दहातल्या नऊ रुग्णांचा आजार वारशाने आलेला नसताना घराण्याचा इतिहास बघून बेफिकीर राहणं याला काय म्हणावं? टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर एक प्रयोग केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले : तपासणी झालेल्यांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. एकूण सगळ्या वयांचा मिळून फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही सांगायला हवं. पण त्या बायका "घराण्यात आहे" म्हणून निवडलेल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या.

दोन : "पण आईला झाला तर मुलीचा धोका वाढतो ना?" वाढतो. आई किंवा सख्ख्या बहिणीला झाला असेल तर साधारण दुप्पट होतो. म्हणून डॉक्टरांना सांगा, तपासणी चुकवू नका. पण अशा मुलींपैकी बहुतेकींना हा आजार कधीच होत नाही. दुप्पट धोका हे तपासणीचं कारण आहे, स्थळ नाकारण्याचं नाही.

तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं : "सामान्य माणसाला कशाला हे सगळं? घाबरतील उगाच." सामान्य माणूस गृहकर्जाची कलमं वाचतो, गुरुबळ बघतो, क्रिकेटची सरासरी दशांशात सांगतो. त्याला 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' यांतला फरक झेपणार नाही? आणि जे कळतं ते नुसतं भीतीदायक नसतं. २००५ साली दोन संशोधक गटांनी दाखवलं की बीआरसीए बिघडलेल्या पेशींची दुरुस्तीची दुसरी वाट अडवली की त्या मरतात आणि बाकीच्या तगतात. त्यातूनच ओलापॅरिबसारखी औषधं आली. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी ते २०१८ साली अमेरिकेत मान्य झालं, आणि २०२२ मध्ये आनुवंशिक बीआरसीए बिघाड असलेल्या, परत उलटण्याचा धोका जास्त असलेल्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीही. गाठीची अस्थिरता हीच तिची दुखरी नस ठरली. पण हे औषध कुणाला द्यायचं ते ठरवायला रक्ताची चाचणी करावी लागते, आणि "कुणाला कळलं तर?" म्हणून चाचणीच टाळली, तर औषधाचं दार आपणच लावून घेतलं.

तेव्हा मंडळी, आणि विशेषतः हे वाचणारे माझे काका, मामा, वहिनी, ताई, माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी कुणी "जेनेटिक असतं म्हणे" म्हणालं, की तिथल्या तिथे विचारा, "जनुकीय की आनुवंशिक?" रुग्णाच्या घरच्यांना स्टेज विचारायची असेल तर ग्रेडही विचारा, आणि त्याहून बरं म्हणजे डबा हवाय का ते विचारा. घराण्याचा इतिहास काढायचाच असेल तर दोन्ही बाजूंचा काढा, आत्यासकट. कमी वयात झालेला, ट्रिपल निगेटिव्ह निघालेला, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, किंवा जवळच्या नात्यात अंडाशयाचा, असं काही असेल तर डॉक्टरांशी जनुकचाचणीबद्दल बोला. आणि हे काहीच नसेल, तर ज्या घरात आजार आलाय त्या घरातल्या मुलींना त्यांच्या आईजवळ निवांत बसू द्या.

आणि कांदेपोह्यांच्या वेळी कुणी त्यांच्या आईच्या ऑपरेशनबद्दल कुजबुजलं, तर जरा मोठ्याने बोला. शब्द बरोबर वापरायचा असेल तर तो चारचौघांत ऐकू गेला पाहिजे.